कोरडी रीड

काल फिल्म क्लबात एका जॅझवाल्याचा सिनेमा दाखवला. सॅक्सोफोन वाजवणारा नायक दंडात सुई खुपसतो, तेव्हा पडद्यावर निळा, देखणा प्रकाश पसरतो. कॅमेरा त्या सुईवरून हलतच नाही. शेजारचे गृहस्थ हळहळले, "नशेशिवाय असा सूर लागत नाही हो!"

माझ्या दुसऱ्या बाजूला नितीन होता. माझा हा मित्रही सॅक्सोफोन वाजवायचा. नशा सोडल्यापासून त्याने वाद्य पेटीतून काढलेलं नाही. नशेबरोबर सूरही गेला असेल, ही त्याला भीती. ते वाक्य त्याने ऐकलं, आणि माझं डोकं फिरलं. रियाजाला अख्ख्या सिनेमात एक दृश्य नाही, मरणाला मात्र एवढा उजेड! कुणाच्या नाशावर हळहळायला तिकीट काढून येता तुम्ही?

बाहेर पडल्यावर नितीन म्हणाला, "सुई अगदी बरोबर दाखवली रे. पण रीड? फुंकायच्या टोकाला बसवतात ती वेताची पट्टी आधी तोंडात भिजवल्याशिवाय धड वाजत नाही. गड्याने एकदाही भिजवली नाही."

"त्यांना सुईच तेवढी शिकायची होती."

तो हसला. मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. त्याने सॅक्सोफोनची पेटी उघडली, रीड जिभेवर ठेवली आणि मला हातानेच थांबायला सांगितलं. ती भिजेपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो.