विटांवरची होडी

कमठाण्याच्या फाट्यावर मी शाळेला जायला बसची वाट बघायचो, तेव्हा एक म्हातारा रोज रस्त्याकडेच्या होडीत घागरीनं पाणी ओतायचा. होडी लाकडी, विटांवर ठेवलेली. धरणाच्या फुगवट्यानं त्याचं रान पल्याड पडलं होतं, म्हणून त्यानं ती राज्याच्या सीमेपलीकडून, सोलापूरकडून, विकत आणली होती. तिकडचा टॅक्स भरलेला होता. इकडचे साहेब म्हणाले, परराज्यातली होडी आहे, नव्यानं टॅक्स भरून नोंदवा, पण त्याआधी तिकडची नोंदणी रद्द करून आणा. तिकडचे म्हणाले, आधी इकडची नोंदणी दाखवा. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. हा धडा त्यात नाही.

"अप्पा, कोरड्यावरच्या होडीत पाणी कामून ओतायलाव?" मी एकदा विचारलं.

"लाकूड वाळलं की फटी पडतेत, सर. परवानगी येईस्तोवर हिला जिती ठेवायलो."

मग म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं फळ्यांवरून ओला हात फिरवला.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पाहिलं, तर होडी काठापर्यंत मातीनं भरलेली होती आणि तिच्यात वीतभर मेथी डोलत होती. म्हातारा तसाच घागरीनं पाणी घालत होता.

"हे काय, अप्पा?"

त्यानं मूठभर मेथी उपटली, मुळांची माती झटकली आणि माझ्या हातात दिली.

"शेत हाय आता. शेतीला टॅक्स न्हाई."