शेपट्यांचा अल्बम

अख्ख्या भांडुपमध्ये शेपट्यांचा सगळ्यात मोठा संग्रह कोणाकडे आहे असं कोणी विचारलं, तर मी डोळे मिटून आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे बोट दाखवीन. शेपट्या म्हणजे फोटोतल्या. काकांना बिल्डिंगमधल्या कुत्र्यामांजरांचे फोटो काढायचा नाद, आणि त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा इतका विचारी, की बटण दाबल्यावर तो जरा थांबून मगच कामाला लागायचा. तोवर मांजर निघून गेलेली असायची आणि फोटोत तिचा शेवटचा भाग तेवढा उरायचा. काका मरोळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. ते प्रत्येक फोटो छापून आणत, भिंगाखाली धरत आणि मागे लाल पेन्सिलीने ‘रिजेक्ट’ लिहून अल्बममध्ये लावत. पास झालेल्यांसाठी खिशात हिरवी पेन्सिलही असे. ती मी कायम नवी कोरीच पाहिली.

मी फारशी बोलत नाही. लिफ्टमध्ये कोणी भेटू नये म्हणून जिन्याने जाणाऱ्यांपैकी मी. पण काकांनी मला जिन्यातच गाठलं. “तू इंग्लिश मीडियमची ना गं? मग ह्या मेन्यूत काय लिहिलंय ते सांग.” तेव्हापासून मी त्यांची असिस्टंट. म्हणजे बिस्किटाचा पुडा हलवून कुत्र्यांचं लक्ष वेधून घेणारी.

नवा कॅमेरा घेण्याचं कारण होतं डांबर. पार्किंगमध्ये राहणारं हे कुत्र्याचं चार महिन्यांचं पिल्लू इतकं काळं होतं, की जुन्या कॅमेऱ्यात त्याच्या जागी नुसता डाग यायचा. त्याच्या भावंडांना नुसत्या शेपट्यांचे फोटो बघूनही घरं मिळाली, डागाला कोण नेणार? त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगून टाकलं, “दिवाळीपर्यंत ह्याची सोय करा, नाहीतर मी कुत्री पकडणारी गाडी बोलावतो.” काका त्याच संध्याकाळी मला घेऊन दुकानात गेले. सेल्समन म्हणाला, “अंकल, ये जानवर की आँख खुद ढूँढ लेता है।” काकांनी पिशवीतून आपला एक फोटो काढून कॅमेऱ्यापुढे धरला. “ढूँढके दिखाओ.” कॅमेऱ्याने त्या शेपटीत बराच वेळ डोळा शोधला. मी ट्रायपॉडच्या खोक्यामागे जाऊन उभी राहिले.

कॅमेरा घरी आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. कारखान्यात दसऱ्याला प्रत्येक मशीनची पूजा व्हायची, ती रीत काकांनी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही. मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीन सगळं पाटावर मांडलं होतं, आणि मधोमध नवा कॅमेरा, झेंडूचा हार घालून. काकांनी मिक्सरला कुंकू लावलं, ड्रिलला लावलं, आणि कॅमेऱ्याच्या बरोब्बर कपाळावर, म्हणजे लेन्सच्या काचेवर, ओल्या कुंकवाचा अंगठा टेकवला. मी पाहिलं. पण मिक्सर नमस्कार घेत असताना मधे कसं बोलायचं? मला पेढा दिला, मी तो खाल्ला आणि गप्प घरी आले.

पुढचे दहा दिवस डांबर धुक्यात बसलेला दिसला. भिंगाखाली फोटो बघून काका लाल पेन्सिलीने लिहीत: ‘रिजेक्ट. कारण: धुकं.’ भांडुपमध्ये ऐन ऑक्टोबरच्या उन्हात धुकं! आधी त्यांनी उजेडाला दोष दिला, मग डांबरला, शेवटी स्वतःला. “वय झालं गं. हात हलतो बहुतेक. परत देऊन टाकतो कॅमेरा.” आम्ही त्यांच्या गॅलरीत होतो, आणि खाली पार्किंगमधून डांबर माझ्या हातातल्या पुड्याकडे बघून शेपूट हलवत होता. दिवाळीला आठ दिवस राहिले होते.

“काका,” मी म्हणाले, “लेन्सवर कुंकू आहे.”

काका हसले. “ते माहीत आहे. दसऱ्याचं आहे. ते पुसायचं नसतं, आपसूक जाऊ द्यायचं. आमच्या लेथवर शिमग्यापर्यंत असायचं.”

“पण कॅमेरा त्यातूनच बघतो ना, काका.”

एवढं बोलून माझे कान तापले. आतून काकू बाहेर आल्या. मालवणच्या बाई, मुद्द्याला हात घालणाऱ्या. “अवो, कुकू कपाळार लावतत, डोळ्यात नाय! पोरगी धा दिवसांनी एक वाक्य बोलली, ता तरी ऐका.”

“पण पुसायचं कसं?” काका खरोखर अडले होते.

काकूंनी कॅमेरा घेतला, देवाकडे बघून काहीतरी पुटपुटल्या, लेन्सवरचं कुंकू ओल्या बोटाने टिपलं आणि तेच बोट कॅमेऱ्याच्या माथ्यावर टेकवलं. “पुसला नाय. सरकवला.” मग काच मऊ फडक्याने स्वच्छ केली.

त्या संध्याकाळच्या फोटोत डांबरचा केसन् केस दिसत होता. तो पूर्ण काळा नव्हताच. कानांच्या टोकांना तपकिरी झाक होती, आणि डोळ्यांत बिस्किटाचा पुडा धरलेली मी, अगदी छोटीशी. काकांनी भिंग लावलं, हिरवी पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. “डावी मिशी जरा सॉफ्ट आहे.” तरी तो फोटो मी सगळीकडे पाठवला, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी घाटकोपरहून एक आजोबा नातीला घेऊन आले. नातीने डांबरला उचललं ते खाली ठेवलंच नाही.

रिक्षा गेटमधून निघाली तेव्हा काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तो एवढा हुशार कॅमेरा, पण ह्या वेळी काकांचा हात खरंच हलला.

परवा नव्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल समजावायला वर गेले होते, तेव्हा अल्बम उघडाच होता. शेवटच्या पानावर अस्पष्ट रिक्षा, आणि तिच्यातून बाहेर आलेलं काळं शेपूट, तेही हललेलं. मी फोटो हळूच उलटून पाहिला. मागे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पास’.

फोटो होता तसा लावून ठेवला. गॅलरीतून काकांची हाक आली, “अगं, बिस्किटं आण लवकर! पंपाच्या खोलीमागे मांजरीने पिल्लं घातलीयत. चारच्या चारही काळी आहेत!”