पोच आली का, ताई?

कारखान्यात पाऊल टाकण्याआधी नामदेवमामा फाटकाबाहेर उभे राहून आमच्या चिमणीकडे बघत. धुराचा रंग मनासारखा असला की मगच हजेरी लावत. बॉयलरवरचे ते आमचे सर्वांत जुने माणूस, रोज मुठ्याहून एसटीने येणारे. मी प्रदूषण नियंत्रण मंडळाची कागदपत्रं बघणारी.

इंधन, पंखा, चिमणी, काहीही बदलायचं तर मंडळाला आधी कळवायचं, ही आमच्या संमतीपत्रातली अट. मला ती पाठ होती. मामांनी ती मनावर घेतली होती. अर्ज हल्ली ऑनलाइन जातो, पण मामांना छापील पोच हातात लागे. वाचत नसत, नुसता तारखेवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "आता लावतो जाळ."

मला वैताग यायचा. सूस रस्त्यावरच्या गर्दीतून तासभर गाडी हाकत यावं, तर दारातच यांचं सुरू, "ताई, पोच आली का?" एकदा चिडून विचारलं, "मामा, तुम्हाला काय करायचंय?" तर म्हणाले, "आपला धूर कुनाच्या घरात शिरतुया, आपल्याला दिसतंय व्हय? मग ज्याचं काम हाय त्याला कळवाय नगं?"

मग डिझेल महागलं आणि मॅनेजरसाहेबांनी भुसा दाबून केलेल्या ठोकळ्यांच्या ब्रिकेट आणवल्या. "आधी चालू करा, कळवू सावकाश," म्हणाले. मी वाद घातला नाही. वाद घालून काही होत नाही, हे इतक्या वर्षांत कळलं होतं. मामांनी विचारलं, "पत्र गेलं का, ताई?"

"गेलं," मी म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी पोचेसाठी हात पुढे केला नाही. गेले आणि जाळ लावला.

आठवड्याच्या आत शेजारच्या वाडीतल्या वाळवणांवर काजळी पडली. तक्रार झाली, मंडळाचे अधिकारी आले. "इंधन बदलल्याचं कळवलंत का?" त्यांनी विचारलं. मॅनेजरसाहेब शांतपणे म्हणाले, "ऑपरेटरनं परस्पर बदललं." मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल चाळत राहिले. माझीच मला शरम वाटत होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मामांना घरी बसवलं.

काही महिन्यांनी धीर करून मुठ्याला गेले. पुण्यातल्या कुणीतरी तिथे बांधलेल्या बंगल्याच्या बागेत मामा पाणी घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मामा, तेव्हा पत्र गेलंच नव्हतं. मी खोटं बोलले."

त्यांनी नळ बंद केला. "कळलं व्हतं मला, मंडळाचं सायेब आलं तवाच. पन चूक माजी हाय, ताई. पोच मागाय पायजे व्हती."

"मग का नाही मागितलीत? रोज तर मागायचात."

"तुमी लई दमल्याली दिसत व्हता त्या दिशी," मामा म्हणाले. "म्हनलं, आज नगं तरास द्यायला."