भरलेली कॅन

आमच्या दोघांचा देव एक इंग्रज होता. मी नांदेडच्या फुटबॉल टीमचा डिफेंडर, माझा दोस्त गोलकीपर. तो हदगावहून सकाळच्या एसटीनं सरावाला यायचा. त्या इंग्रजाची सगळी कारकीर्द आम्हाला तोंडपाठ. गल्लीत खेळणारं पोरगं, मग कितीतरी वर्षं एकाच क्लबात, पुढं कप्तान, गुडघा गेला आणि शेवटी त्याच क्लबाचा मॅनेजर. अन् मॅनेजर झाल्याबरोबर या बाबानं काय करावं? आपल्या जुन्या जोडीदारालाच बाहेर बसवलं. दोस्ताच्या मोबाइलवर आम्ही दोघांनी मिळून ते पाहिलं. मी त्या इंग्रजाला लई शिव्या घातल्या. दोस्त नुसता हसला.

"उद्या तू कोच झालास की मलाबी असाच बसवशील," म्हणाला.

झालो की कोच. आमच्याकडं रीत अशी, की मॅचआधी कोच खेळणाऱ्या प्रत्येकापुढं गवतावर जर्सी ठेवतो. ज्याच्यापुढं जर्सी नाही, त्यानं न बोलता पाण्याची कॅन भरून आणायची. लातूरच्या मॅचला गोलकीपरची जर्सी मी एका नव्या पोरापुढं ठेवली. दोस्तानं कॅन उचलली. पाणी घेऊन आला तेव्हा एवढंच विचारलं, "पुढच्या मॅचला हाय का मी?" मी बघू म्हणालो, तेही त्याच्याकडं न बघता. आठ दिवसांनी सोयाबीन काढता काढता शेतातच तो गेला. हार्ट अटॅक.

त्यानंतर मी सरावाला सगळ्यांच्या आधी पोचलो तरी गोलच्या खांबाजवळ कॅन भरलेली असायची. पोरांना दरडावलं, वॉचमनला विचारलं. कुणीच हात लावला नव्हता. एकदा कॅन मैदानावरच्या खोलीत कोंडून किल्ली खिशात घालून घरी गेलो. सकाळी कुलूप जागेवर अन् कॅन खांबाजवळ, काठोकाठ. पोरं गटागटा प्यायची, मला घोट उतरायचा नाही.

पुन्हा लातूरची मॅच आली. त्या दिवशी मी एक जर्सी जास्तीची नेली, त्याच्या मापाची, आणि खांबाजवळ ठेवली. ही कुणाची, असं पोरांनी विचारलं.

"एकाची द्यायची राहिली होती," मी म्हणालो.

मॅचनंतर जर्स्या गोळा केल्या. सगळ्या घामानं भिजलेल्या होत्या. तीसुद्धा. तिच्या कोपरांना माती लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून कॅन रिकामी. सुटलो एकदाचा, असं वाटायला पाहिजे होतं, आलं रडू. अजूनही मैदानावर गेलो की आधी कॅन उचलून बघतो. हलकीच लागते. मग मीच जाऊन ती भरून आणतो.