मी न गायलेलं गाणं

भाऊ आणि मी मिळून गायचो. चाली त्याच्या, गिटार त्याची, खालचा सूरही त्याचाच. वरची ओळ माझी. परदेशीपुऱ्यातल्या घरात पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून आम्ही हळुवार, मराठी-हिंदी मिसळलेली गाणी रेकॉर्ड करायचो. ती मोबाइलवर फिरली, बाहेरगावचे कार्यक्रम येऊ लागले. इंदूरमध्ये लोक आम्हाला नुसतं 'ते भाऊ-बहीण' म्हणत.

मग माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, पण वरचा सूर गेला तो गेलाच. दवाखान्यात भाऊ माझा हात धरून रडला. "ताई, तुझ्याशिवाय मी नाही गाणार."

वर्षभराने मल्हारगंजमध्ये ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते. शिवणाऱ्या बाईंच्या मोबाइलवर गाणं लागलं. आवाज माझा, आणि गाणं मी जन्मात न गायलेलं.

"दीदी, नवीन गाणं एकदम मस्त हां! गळा बरा झाला तर."

मी हसून मान हलवली. दुसऱ्या कडव्याआधी मी चोरून घ्यायचे तसा श्वासही त्यात होता.

तिथून तडक भावाकडे गेले. मला दारात बघताच तो समजला.

"सांगणारच होतो यार, ताई. आपली जुनी गाणी कॉम्प्युटरला दिली, त्याने तुझा आवाज शिकून घेतला, बस. तुझाच तर आवाज आहे ना?"

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असती."

हे त्याने अगदी सहज सांगितलं. वहिनीने आणलेला चहा तसाच ठेवून मी निघाले.

गाणं त्याने काढलं नाही. नात्यातल्या एका लग्नात ते वाजलं तेव्हा मावशीने मला सगळ्यांसमोर कवटाळलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिचा आनंद बघून गप्प बसले.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "ताई, अजून एक करू? या वेळी विचारतोय बघ."

"नको," मी म्हटलं. "मला नाही सहन होत."

"ठीक आहे. नाही करत."

गेल्या महिन्यात तेही गाणं आलं. खाली आधी माझं नाव, मग त्याचं. शेवटी इतका उंच सूर आहे की गळा धड होता तेव्हाही मला तो कधी लागला नसता. मी ते पूर्ण ऐकलं. गाणं चांगलं आहे. त्याचा फोन मात्र मी आता उचलत नाही.