गव्हर्नरसाहेबांच्या घरची दिवाळी

दादा, रत्नागिरीच्या स्टँडवर तू आणि बाबा मला सोडायला आला होतात. तू पाण्याची बाटली आणायला धावलास आणि तेवढ्यात बाबा खिडकीशी आले. जन्मभर पोस्टात नोकरी केलेला अबोल माणूस. म्हणाले, "ज्याचं मीठ खाशील त्या मिठाला जाग." एवढंच. गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडे नाही, चाकांकडे बघत होते.

ग्लासगोत आल्यावर तुझ्या मेहुण्याची, समीरची, आयटीतली नोकरी चालू झाली, आणि मी, इतिहासाची एम.ए., सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसले. आमची ईरा शाळेत रुळल्यावर मला शहराबाहेरच्या एका जुन्या हवेलीत टूर गाइडचं काम मिळालं. फोनवर मी आनंदानं किंचाळले होते, आठवतंय?

हवेली एका गव्हर्नरानं बांधलेली. आपल्याच किनाऱ्यावर वखारी थाटणाऱ्या व्यापारी कंपनीचा गव्हर्नर. त्याचं नाव लिहायलाही हात धजत नाही. मला पाठ करायला दिलेल्या इंग्रजी स्क्रिप्टमध्ये तो देवमाणूस होता. सतराव्या वर्षी कारकून म्हणून बोटीत बसला, मेहनतीनं वर चढला, स्थानिक विणकरांना उत्तेजन दिलं, येताना बागेसाठी रोपं आणली. मी हे घडाघडा म्हणायचे आणि लोक लोणी-जॅम लावलेले स्कोन खायला टी-रूमकडे वळायचे.

एकदा एका आजीबाईंनी माझा हात थोपटला. "पुअर बॉय, किती होमसिक झाला असेल! तुला तर कळतच असेल, डिअर." म्हणजे तो आणि मी एका माळेचे मणी!

त्याची खरी कारकीर्द काही गुपित नव्हती. आमच्याच गिफ्ट शॉपमध्ये, जॅमच्या बरण्यांशेजारी, त्याचं जाडजूड चरित्र विकायला होतं. विणकरांच्या गळ्यात बळजबरीनं उचल मारायची आणि त्यांनी दुसऱ्याला कापड विकलं की चाबूक. दुष्काळात धान्य कुलपात ठेवून भाव चढायची वाट बघायची. गादीसाठी भांडणाऱ्या दोन्ही भावांकडून नजराणे घ्यायचे. मायदेशी चौकशी झाली, सुटला, पार्लमेंटात जाऊन बसला. गावच्या चर्चमध्ये त्याचं संगमरवरी थडगं आहे. त्याच्या पायाशी गुडघे टेकलेली एक कृतज्ञ बाई कोरलीय, नाकात नथ घालून. त्या नथीवरचं बारीक काम बघितलं आणि मी बाहेर निघून आले. सगळ्यांना सगळं माहीत, तरी स्कोन गोडच लागतात!

मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीठ कुणाचं ते आधी बघावं, हे सांगायचं राहूनच गेलं बघ."

तरीही मी नोकरी सोडली नाही. मग दिवाळी आली. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शशीकाका, रिटायर्ड सर्जन. आम्ही नवे असताना पहिल्या थंडीत स्वतःहून कोट आणून देणारा माणूस. त्यांनी दिवाळी पार्टीसाठी नेमकी तीच हवेली बुक केली. "काय ग्रँड हॉल आहे गं! आणि गाइड आपलीच मुलगी. टूर मराठीतून द्यायची हं!"

त्या संध्याकाळी हॉल पैठण्यांनी भरून गेला. काकांनी झेंडूचा हार आणला होता. स्टुलावर चढून त्यांनी तो गव्हर्नराच्या तैलचित्राला घातला आणि हसत म्हणाले, "हे आपले आजचे यजमान!" टाळ्या पडल्या. सेल्फींसाठी रांग लागली. आपलीच माणसं, दादा. त्या गोऱ्या आजीबाईंपेक्षा मला त्यांची जास्त किळस आली.

मी सुरुवात केली. "यांनी स्थानिक विणकरांना..." आणि अडले. इंग्रजीत जे वाक्य बुळबुळीतपणे निसटून जायचं, ते मराठीत तोंडातून निघेना. मग जे खरं होतं ते सांगितलं. उचल, चाबूक, कुलपातलं धान्य, सगळं.

मागून कुणीतरी म्हणालं, "स्टार्टर्स थंड होतायत."

काका जवळ आले. "अगं, सणासुदीला हे काय काढलंस? पास्ट इज पास्ट."

"काका, तो हार तेवढा काढा."

"उगाच सीन करू नकोस."

ईरा मध्येच उभी होती. तिचं मराठी तुला माहीतच आहे. "आजोबा, त्याने लोकांना मारला ना? मग त्याला फुलं का दिला?"

काका जेवणाकडे निघून गेले, त्यांच्यामागे बाकीचे. मी स्टुलावर चढले, हार उतरवला आणि किचनमधल्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला. आम्ही तिघं न जेवता निघालो.

सोमवारी मॅनेजर हेलननं बोलावलं. मंडळाकडून तक्रार आली होती. "पीपल शुड लीव्ह हॅपी," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. पुढच्या टूर्स स्क्रिप्टप्रमाणेच होतील असं कबूल करायचं होतं. मी नाही म्हणाले आणि लॉकर रिकामा केला. आता इथल्या नगरपालिकेच्या लायब्ररीत कामाला आहे. मंडळातून कुणी फोन करत नाही. काकांचा कोट अजून कपाटात आहे, आणि तो बघून वाईट वाटतं हेही खरं.

परवा तू म्हणालास, "एवढी किळस येते तर ये की परत." रागावू नकोस, पण माझं उत्तर नाही असंच आहे. तो माणूस आपल्याकडे अर्धी हयात राहिला आणि एक दिवसही त्या मुलखाला घर म्हणाला नाही. त्याचं घर सतत इकडेच होतं. म्हणूनच तिथं इतके हात धुऊन घेता आले. मी मात्र इथल्या ओल धरणाऱ्या फ्लॅटला घर म्हणते, केव्हापासून ते कळलंही नाही. परक्याच्या अंगणातली घाण दिसली तर माणूस नाक दाबून पुढे जातो. मला पुढे जाता आलं नाही.