मोठ्या आवाजाची बाई

तिला राग आला की घरचे हसत. हे तिचं लहानपणापासूनचं दुखणं. आवाजच असा मिळाला होता, की तिनं "चूप बस" म्हटलं तरी समोरच्याला वाटावं, ही आपल्याला थोपटून निजवते आहे. नवऱ्याशी जुंपली की तो मध्येच म्हणे, "बोल, बोल, बरं वाटतंय ऐकायला." मग ती ताट आपटायची. ताटाचा आवाज तिच्यापेक्षा मोठा यायचा आणि त्याचाही तिला राग यायचा.

याच आवाजावर तिला नोकरी मिळाली होती. लोकांनी आपले पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला देणारी एक कंपनी. काचेचे दरवाजे, पाय रुततील असा गालिचा, खऱ्यासारखी दिसणारी खोटी झाडं. मुलाखतीत मॅनेजरनं तिची प्रमाणपत्रं बाजूला सारली. "नुसतं बोलत राहा," म्हणाला. ती बोलत राहिली, त्यानं डोळे मिटून घेतले. "उद्यापासून या."

सुरुवातीला ती फोनवर साध्या चौकशा घेई. पण मॅनेजर हुशार. घरातलं माणूस गेलं की घरात विम्याचा पैसा येतो, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांना काही सुचत नसतं, हे त्यानं हेरलं होतं. असल्या घरी फोन करायला हिच्यासारखा आवाज शोधूनही सापडला नसता. ऑफिसात तिचं नावच पडलं, मलमपट्टी.

कामाची रीत ठरलेली होती. फोनवर पैशाचं नाव काढायचं नाही. "जेवलात का?" एवढंच विचारायचं. मग भेटीला बोलवायचं, कोपऱ्यातल्या लहान खोलीत बसवायचं. बाई रडू लागली की कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवायचा, पाणी द्यायचं, हातावर हात ठेवायचा. रडणं ओसरलं की मॅनेजर पेन घेऊन आत येई. "आधी पाणी, मग पेन," तो नव्या पोरांना शिकवायचा. "उलटं केलंत तर गिऱ्हाईक हातचं गेलं."

बाई सही करून गेली की मलमपट्टी बेसिनपाशी जाऊन हात धुवायची. साबण लावलेला हात पुन्हा चोळायची. तिला मॅनेजरचा राग येई, त्याच्या पेनाचा येई, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या गळ्याचा. एकदा हिय्या करून ती केबिनमध्ये गेली. म्हणाली, "सर, तुम्ही या लोकांना लुबाडताय. शरम वाटली पाहिजे."

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "वा! हाच सूर, मॅडम. अगदी हाच. फोनवर हाच ठेवा."

त्या दिवशी घरी दोन ताटांना पोचे आले.

नोकरी सोडायचं ती रोज ठरवी. पण नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं, मुलगी शिकत होती. रोज सकाळी राग डब्याच्या पिशवीत कोंबून ती पुन्हा त्याच काचेच्या दरवाजातून आत शिरायची.

अशात ती म्हातारी आली. एका बसड्रायव्हरची बायको, सत्तरीला टेकलेली. फोन शेजारणीनं घेतला होता आणि भेटीचा निरोप तिनंच दिला होता. म्हातारी एकटीच आली, पिशवी मांडीवर घेऊन लहान खोलीत बसली.

"मावशी," मलमपट्टीनं ठरल्या सुरात सुरुवात केली, "काका गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं."

"काय?"

"म्हटलं, वाईट वाटलं."

"मोठ्यानं बोल गं बाई! मला ऐकू येत नाही." म्हातारीचा स्वतःचा आवाज चांगला दणदणीत होता. "हे होते तोवर काही अडलं नाही. जन्मभर इंजिनाच्या वरताण ओरडायची सवय, घरातही तसंच बोलायचे. हे गेल्यापासून जो येतो तो कानाशी कुजबुजतो. दुःखात आहे ना मी! महिना झाला, एक अक्षर कानात शिरलेलं नाही."

रडणं नव्हतंच. मलमपट्टीचा हात कागदी रुमालांच्या डब्यावर तसाच राहिला. काचेपलीकडून मॅनेजरनं तो हात पाहिला आणि वेळ झाली समजून पेन घेऊन आत आला. त्यानं टोपण काढून पेन पुढ्यात ठेवलं, मान तिरकी केली, आवाजात मध घातला आणि बराच वेळ बोलला.

म्हातारीनं मलमपट्टीकडे पाहिलं. "हा काय म्हणतोय?"

"सांगा त्यांना," मॅनेजर म्हणाला, "योजना सुरक्षित आहे. काळजी मिटेल."

मलमपट्टीनं छाती भरून श्वास घेतला. "म्हणतात, योजना सुरक्षित आहे! काळजी मिटेल!"

त्या खोलीच्या भिंती छतापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. आजवर तशी गरजच पडली नव्हती. बाहेरच्या सोफ्यावर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या.

"बरं," म्हातारी म्हणाली. "घरभाडं यातूनच द्यायचंय मला. दर महिन्याला काढता येतील ना?"

मॅनेजर हळूच म्हणाला, "सांगा, मुदतीनंतर नक्की."

हेच शब्द तिनं आजवर कितीजणींना ऐकवले होते. हळू म्हटलं की ते साखरेसारखे विरघळून जात. पण ओरडायचं तर शब्द सरळ हवेत, आणि सरळ शब्द एकच होता.

"नाही!" ती ओरडली. "दहा वर्षं काढता येणार नाहीत!"

बाहेरची कीबोर्डची टकटक थांबली.

"दहा?" म्हातारी हसली. "तोवर मी असेन का गं? आणि मध्येच लागले तर?"

"मोठी रक्कम कापून घेतात!"

"मॅडम, हळू," मॅनेजर म्हणाला.

"मग हे सगळं हा कशाला करतोय?"

"कमिशनसाठी! पहिल्याच वर्षी मिळतं!" तिचा गळा ताणला गेला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पुढचं सगळ्यात जड होतं. "मलाही मिळतं त्यातलं! सही करू नका, मावशी! पैसे बँकेत ठेवा, लागतील तेव्हा काढता येतील असे ठेवा!"

"हळू बोला म्हणतोय ना!"

"त्याला म्हणावं, पुटपुटू नकोस," म्हातारी म्हणाली. तिनं पेन उचललं, टोपण नीट बसवलं आणि मॅनेजरच्या हातात दिलं. "शाई वाळते."

बाहेर एक गृहस्थ उठून उभे राहिले होते. "अहो, आमचीही दहा वर्षांचीच का?" त्यांनी भिंतीवरून विचारलं.

लिफ्टपाशी म्हातारीनं तिचा दंड धरला. "आवाज चांगला आहे गं तुझा. आमच्या यांच्यासारखा."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिला बोलावलं. ओरडला नाही, त्याची ती पद्धतच नव्हती. "घसा बसलाय तुमचा," तो म्हणाला. "उद्यापासून मागच्या खोलीत बसा, जुन्या फायली लावा. पगाराचं तर तुम्ही समजूनच घ्याल." तिच्या जागी एक नवी मुलगी आली. तिचाही आवाज लोण्यासारखा. मागच्या खोलीत धूळ झटकताना मलमपट्टीला तो ऐकू येई, "जेवलात का?", आणि हातातली फाईल ती फळीवर आदळायची. घरी मात्र ती बसक्या आवाजात बोलली तेव्हा नवरा पहिल्यांदाच हसला नाही. निमूटपणे उठला आणि बाजारातून भाजी घेऊन आला.

महिन्याभरानं एका दुपारी रिसेप्शनची मुलगी फोन कानापासून लांब धरून वैतागलेली दिसली. "अहो आजी, अशी कुणी नाही इथे! मोठ्या आवाजाची? आमच्याकडे सगळे हळूच बोलतात."

मलमपट्टी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. फोनमधली म्हातारी तिथवर ऐकू येत होती.

"अगं, तुमच्याकडचीच एक गोड पोरगी माझ्या घरी येऊन बसलीय! पाणी प्यायला दिलं तिनं मला, माझ्याच घरात! आता कागद पुढे करतेय. काय बोलते, काही कळत नाही. त्या मोठ्या आवाजाच्या बाईला दे!"

मॅनेजर केबिनच्या दारात आला. त्यानं बोट ओठांवर ठेवलं.

तिनं धुळीचे हात पदराला पुसले, तो गालिचा तुडवत पुढे आली आणि मुलीच्या हातातून फोन घेतला. कितीतरी वर्षांचा राग तिच्या पोटातून गळ्यापर्यंत आला, आणि या खेपेला तो वाटेत कुठे मऊ झाला नाही.

"मावशी!" ती ओरडली. "मीच बोलतेय! पेन आधी खाली ठेवा!"